अकरा इंचांचा हिशेब

३,९३० आणि ३,८६०. पहिला आकडा प्रीमियर पद्मिनीच्या लांबीचा, दुसरा आजच्या मारुती स्विफ्टच्या, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जिला आपण कौतुकानं ‘चिमुकली फियाट’ म्हणतो, ती गाडी आजच्या स्विफ्टपेक्षा सात सेंटिमीटर लांब होती.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत हे कुणालाच पटलं नाही. वार्षिक सभेत पार्किंगचे पट्टे नव्यानं आखायचा विषय होता. आवाराच्या कोपऱ्यात खाकी कापडाखाली एक पद्मिनी उभी असते, तिच्या शेजारी पांढरी स्विफ्ट. ‘त्या म्हाताऱ्या गाडीला एवढी जागा कशाला, मोठ्या तर नव्या गाड्या असतात,’ असं एकजण म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं, ‘मोठ्या जुन्याच, नुसतं लोखंड असायचं तेव्हा.’ वाद मिटेना, तेव्हा खाली उतरून टेप लावली. दोघंही निम्मे-निम्मे चुकले होते.

लांबी झाली. आता वजन. पद्मिनी ८९५ किलो, स्विफ्ट सुमारे ९२०. पेट्रोलची टाकी पद्मिनीची ३८ लिटर, स्विफ्टची ३७. चाकाची रिम पद्मिनीला १४ इंची, स्विफ्टच्या सर्वांत स्वस्त मॉडेललाही १४ इंची. इंजिन १,०८९ सीसीचं आणि १,१९७ सीसीचं. पहिलीचा आराखडा १९६२ साली इटलीत बाहेर पडला, दुसरी मे २०२४ मध्ये बाजारात आली. मध्ये बासष्ट वर्षं गेली आणि हे पाच आकडे जवळपास तिथंच आहेत. कागदावर या दोघी सख्ख्या बहिणी वाटाव्यात.

सहावा आकडा मात्र वेगळा निघाला. पद्मिनीची रुंदी १,४६० मिलिमीटर, स्विफ्टची १,७३५. फरक २७५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अकरा इंच. त्या अकरा इंचांकडे यायचंच आहे, पण आधी बाकीच्या पाच आकड्यांचं ऋण फेडू. कारण वजन, टाकी, इंजिन तेवढंच ठेवून आतून गाडी किती बदलली, हे कळल्याशिवाय रुंदीचा सौदा महाग की स्वस्त ते ठरत नाही.

आग्रा रोडवरची गाडी

पद्मिनी ही मुलुंडकरांच्या रस्त्यावरचीच लेक. पश्चिमेला जो लालबहादूर शास्त्री मार्ग आहे, पूर्वीचा आग्रा रोड, त्याच रस्त्यानं दक्षिणेकडे भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर ओलांडलं की कुर्ला येतं. तिथं प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्यात अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडायला सुरुवात झाली. फियाटशी नातं जुळलं ते १९५० नंतर. १९५४ मध्ये फियाट ११०० आली, १९६४ मध्ये ‘डिलाइट’ म्हणजे ११०० डी. इटलीतल्या ११०० डीमध्ये १,२२१ सीसीचं इंजिन होतं. कुर्ल्याच्या गाडीत आधीचं १,०८९ सीसीचंच राहिलं आणि शेवटपर्यंत राहिलं. परवान्याची मुदत संपल्यावर फियाट हे नाव लावता येईना, म्हणून ती काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावानं ‘पद्मिनी’. उत्पादन थांबलं २००१ मध्ये. आता त्या कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. वाटेत भांडुपला सिएटचा टायरचा कारखाना, त्यामुळे गाडी आणि तिचे जोडे अशी दोन्ही घराणी एकाच पट्ट्यात नांदत होती.

रस्त्याला ज्यांचं नाव आहे त्यांच्याकडेही हीच गाडी होती. १९६४ साली पंतप्रधान झाल्यावर शास्त्रीजींनी घरच्या आग्रहाखातर फियाट घ्यायचं ठरवलं. किंमत १२,००० रुपये. बँकेत होते ७,०००. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज शिल्लक होतं आणि ललितादेवींनी ते निवृत्तिवेतनातून फेडलं. डीएलई ६ क्रमांकाची ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात आहे. त्या काळात गाडी काय चीज होती हे समजायला महागाईचा निर्देशांक नकोच. देशाच्या पंतप्रधानाला बेचाळीस टक्के किंमत उसनी आणावी लागली, एवढं पुरे. आणि पैसे असले तरी गाडी लगेच मिळत नसे. १९५९ च्या नियंत्रण आदेशानं वाटपावर सरकारचा हात होता, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. किमतीचा वाद तर १९७० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला.

आज स्विफ्टचं सर्वांत स्वस्त मॉडेल सप्टेंबर २०२५ च्या करकपातीनंतर शोरूममध्ये ५.७९ लाखांना आलं. मे २०२४ मध्ये तेच ६.४९ लाखांना होतं. आणि तिच्यासाठी संसदेत कुणाची ओळख लागत नाही.

तेवढ्याच टाकीत दुप्पट

पद्मिनीच्या १,०८९ सीसीतून ४० अश्वशक्ती निघायची. स्विफ्टच्या १,१९७ सीसीतून ८० निघते. सिलिंडर पद्मिनीला चार, स्विफ्टला तीन. म्हणजे एक सिलिंडर कमी आणि ताकद दुप्पट. एक लिटर इंजिनामागे धरलं तर ३७ विरुद्ध ६७. एक टन वजनामागे धरलं तर ४५ विरुद्ध ८७.

हे साधलं कुठून? मुख्यतः तीन ठिकाणांहून. पद्मिनीत पेट्रोल आणि हवा मिसळायचं काम सोलेक्स कार्ब्युरेटर करायचा, म्हणजे एका अरुंद नळीतून हवा ओढली जायची आणि तिच्याबरोबर पेट्रोलही. थंडी-ऊन, चढ-उतार, गर्दी-मोकळा रस्ता या सगळ्यांना एकच स्क्रू. सकाळी चोक ओढायचा, गाडी धुसफुसली की थोडा आत ढकलायचा. स्विफ्टमध्ये संगणक सेकंदाला कितीतरी वेळा हवा मोजतो आणि तेवढंच पेट्रोल इंजेक्टरमधून सोडतो. दुसरं, नव्या इंजिनात मिश्रण स्फोटाआधी फार जास्त दाबलं जातं. जुन्या काळच्या हलक्या पेट्रोलला तेवढा दाब सोसला नसता, इंजिन ठोकायला लागलं असतं. तिसरं, पद्मिनीचे व्हॉल्व्ह खालून दांड्यांनी उचलले जायचे, स्विफ्टचे वर बसवलेल्या कॅमशाफ्टनं उचलले जातात आणि कधी उघडायचं ती वेळही बदलता येते.

पण पद्मिनीला हरवायला स्विफ्टची गरजच पडली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ४७,५०० रुपयांना. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, ताकद पद्मिनीपेक्षा थोडी कमीच, ३७ अश्वशक्तीच्या आसपास. वजन मात्र ६५० किलो. टनामागे हिशेब केला तर ५७. पद्मिनी तिच्या निम्म्या आयुष्यातच हरली होती. नंतरची अठरा वर्षं तिला तगवलं ते मुख्यतः मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी. १९९० च्या दशकात शहरात साठ हजारांच्या वर काळ्या-पिवळ्या होत्या आणि ‘टॅक्सी’ म्हटलं की पद्मिनीच डोळ्यांसमोर यायची. खरं तर मुलुंडचं वैशिष्ट्य हे की इथं रिक्षांचं राज्य. टॅक्सी दिसायची ती दादर-माटुंग्याला उतरल्यावर. इथली पद्मिनी असायची ती डॉक्टरांची, वकिलांची किंवा एखाद्या गुजराती दुकानदाराची, रविवारी सकाळी बादलीभर पाण्यानं धुतलेली.

आता पैशांचं. पद्मिनी शहरात लिटरला ११ किलोमीटर धरू. १२ म्हणणारे मालक असतात, पण ते गाडीवर प्रेम करणारे. स्विफ्टचा प्रयोगशाळेतला आकडा २४.८, शहरात १६ धरू. मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ३१ किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरू. पद्मिनीला एका फेरीचे २९३ रुपये लागतात, स्विफ्टला २०२. वर्षाला ८,००० किलोमीटर चालवली तर पद्मिनी ७२७ लिटर पिते, स्विफ्ट ५००. वर्षाची बचत सुमारे २३,६०० रुपये.

ही बचत दाखवून जुनी गाडी विकायला लावणारे बरेच भेटतात. त्यांना पुढची पायरी विचारावी. ५.७९ लाखांची गाडी २३,६०० च्या बचतीतून फेडायला साडेचोवीस वर्षं लागतात. महाराष्ट्राचा ११ टक्के रोड टॅक्स मिळवला की सत्तावीस. पेट्रोल वाचवण्यासाठी नवी गाडी घेणं हा तोट्याचा धंदा आहे. नवी गाडी घ्यायची कारणं दुसरी आहेत, आणि ती चांगली भक्कम आहेत. पहिलं कारण धूर.

चौदावरून एकावर

१९९१ साली देशात पेट्रोल गाड्यांच्या धुराला पहिल्यांदा मर्यादा घातली गेली. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बंद खोलीत माणूस मारणारा वायू, दर किलोमीटरला १४.३ ग्रॅम ते २७.१ ग्रॅम, गाडी जितकी जड तितकी सवलत. १९९६ मध्ये ती ८.६८ ते १२.४ वर आली. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं. शिशाचं पेट्रोल देशभर बंद व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडला. २००० मध्ये मर्यादा २.७२ ग्रॅम. भारत स्टेज चार मुंबईत एप्रिल २०१० मध्ये आलं तेव्हा १ ग्रॅम. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहामध्ये कार्बन मोनॉक्साइड तेवढाच, पण नायट्रोजन ऑक्साइड ०.०६ ग्रॅमपर्यंत खाली.

हे आकडे जरा थांबून वाचावेत. १९९१ मधली सर्वांत कडक मर्यादा पाळणारी एक पद्मिनी जेवढा कार्बन मोनॉक्साइड सोडायची, तेवढ्यात आजच्या चौदा स्विफ्ट चालू शकतात. आणि १९९१ च्या आधीच्या गाडीला तर मर्यादाच नव्हती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मुलुंडच्या पाच रस्त्याच्या सिग्नलला संध्याकाळी उभं राहिल्यावर डोळे चुरचुरायचे, ते आठवत असलेल्यांना हा आकडा समजवावा लागणार नाही. आजही हवा वाईटच आहे, पण ती बांधकामांची धूळ, डिझेल आणि गाड्यांच्या संख्येमुळे. एकेका पेट्रोल गाडीवर तो दोष पूर्वीसारखा ढकलता येत नाही. टॅक्सीवाल्यांनी तर उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर २००० च्या पुढं पद्मिनीत सीएनजीची टाकी बसवली आणि डिकीत प्रवाशाच्या बॅगेऐवजी सिलिंडर आला.

कार्बन डायऑक्साइडचं गणित मात्र वेगळं. तो विषारी वायू नव्हे, तो जळलेल्या पेट्रोलचा थेट हिशेब. एक लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे २.३ किलो. पद्मिनी किलोमीटरला २०९ ग्रॅम सोडते, स्विफ्ट १४४. घट एकतीस टक्के. म्हणजे छातीतलं विष चौदापट कमी झालं, पण पृथ्वीच्या तापाचा भार जेमतेम एक तृतीयांशानं उतरला. त्यातही नवी गाडी घडवताना पोलाद, ॲल्युमिनियम, प्लास्टिक यांतून काही टन कार्बन शोरूममध्ये पोचण्याआधीच हवेत गेलेला असतो. वर्षाला ८,००० किलोमीटर चालवणाऱ्याची बचत आहे अर्धा टन. महिन्यातून एकदा कापड काढून उपवनपर्यंत चक्कर मारणाऱ्या पद्मिनीवर पर्यावरणाच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही.

जाड पत्र्याची समजूत

‘जुन्या गाडीचा पत्रा जाड, धडकली तर समोरचा संपला.’ हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की ते पद्मिनीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असावं असं वाटतं. वजनाचा आकडा काय सांगतो? ८९५ किलोत लोखंडी इंजिनब्लॉक, चार माणसं सहज बसतील अशी बैठक, मागं पाटे आणि तो ‘जाड’ पत्रा. ९२० किलोत एसी, सहा एअरबॅग, दारांतल्या आडव्या पट्ट्या, संगणक, कितीतरी मोटारी आणि मैलभर वायरी. एवढं सगळं वाढूनही वजन पंचवीसच किलो वाढलं, कारण पोलादाची जात बदलली. पातळ पण कित्येक पट ताणाला टिकणारं पोलाद माणसाभोवती, आणि मुद्दाम चुरडलं जाईल असं पोलाद पुढच्या-मागच्या टोकाला.

धडकेत गाडी चुरडली तर लोक म्हणतात, पत्रा काडेपेटीसारखा. पण ती ऊर्जा कुणीतरी खायची असते. गाडी खाणार नसेल तर माणसाची छाती खाते. अमेरिकेतल्या हायवे सेफ्टी विमा संस्थेनं २००९ मध्ये पन्नाशीनिमित्त १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर ताशी ६४ किलोमीटरनं धडकवली. जुनी दणकट दिसणारी गाडी आतपर्यंत दुमडली, तिच्यातल्या पुतळ्याच्या जखमा जीवघेण्या होत्या. नव्या गाडीतला ‘चालक’ पायाच्या किरकोळ दुखापतीवर सुटला असता. पद्मिनीचा असा प्रयोग कुणी केला नाही, आणि करायची गरजही नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅग शून्य, आणि पुढच्या सीटला पट्टा सक्तीचा झाला तोच १९९४ मध्ये. ५.२० इंचाचा टायर म्हणजे १३२ मिलिमीटर रुंद; स्विफ्टचा सर्वांत अरुंद टायर १६५ चा. पावसात जमिनीला धरून राहायला एवढ्यानंही फरक पडतो.

पण नवी म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपनं दोन एअरबॅगवाली आधीची स्विफ्ट धडकवली तेव्हा तिला पाचपैकी एकच तारा मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या स्विफ्टची बहीण डिझायर पाच ताऱ्यांसह बाहेर आली. दोन वर्षांतला हा फरक विज्ञानानं नव्हे, चाचणीच्या आणि ग्राहकाच्या धाकानं घडवला. आकडा जाहीर झाला की कंपनी हलते. ज्याचा आकडा जाहीर होत नाही, ते तसंच राहतं. रुंदीचं नेमकं हेच झालं.

करानं लांबी मोजली

२००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या आली. लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत. अशा गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के. तीच व्याख्या जीएसटीतही उतरली आणि सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के. आता आजच्या गाड्यांचे आकडे आठवा: इंजिन १,१९७ सीसी. डिझायरची लांबी ३,९९५. नेक्सॉनची लांबीही ३,९९५. परीक्षेत उत्तीर्ण व्हायला जेवढे गुण लागतात तेवढेच काढणारा विद्यार्थी असतो ना, तसं. पहिली डिझायर तर ४,१६० मिलिमीटर होती. २०१२ मध्ये तिची डिकी कापून ती ३,९९५ वर आणली. पद्मिनी या व्याख्येत आपसूक बसते, ३,९३० मिलिमीटर आणि १,०८९ सीसी. तेव्हा कुणी सवलत दिली असती तर.

टेप आडवी मात्र कुणी धरली नाही. लांबीवर कर, इंजिनावर कर, रुंदीवर काही नाही. मग गाडी वाढणार कुठून? मागच्या सीटवर तिसऱ्या माणसाचे खांदे मावायला हवेत, दारात धडक सोसणारी पट्टी हवी, वळणावर गाडी झुकू नये, रस्त्यावर दांडगी दिसावी. या सगळ्या मागण्या आडव्या दिशेनं वाढल्या. पद्मिनी १,४६०, मारुती ८०० त्याहून अरुंद, १,४४०, २००५ ची पहिली स्विफ्ट १,६९०, आजची १,७३५, क्रेटा १,७९०, नेक्सॉन १,८०४, एक्सयूव्ही ७०० तर १,८९०.

हे असंच होतं, त्याला इलाज नाही, असं कुणी म्हणेल. जपानकडे पाहावं. तिथं सर्वांत लहान ‘के’ गाडीची मर्यादा लांबीला ३.४ मीटर आणि रुंदीला १.४८ मीटर. त्यावरच्या छोट्या गाडीची रुंदी १.७ मीटरपर्यंत. परिणाम असा की सुझुकी जपानमध्ये जी स्विफ्ट विकते तिची लांबी आपल्याएवढीच, ३,८६०, पण रुंदी १,६९५. कंपनी तीच, गाडीचं नाव तेच. तिथं नियमानं आडवी टेप धरली म्हणून चार सेंटिमीटर आत घेतली. आपल्याकडे धरली नाही, म्हणून आत घेतली नाही. पद्मिनीची १.४६ मीटर रुंदी तर ‘के’ गाडीच्या मर्यादेतही बसते.

आता हे मुलुंडच्या रस्त्यावर मांडून पाहू. मुलुंडची आखणी १९२२ च्या सुमारास क्राउन आणि कार्टर या वास्तुरचनाकारांनी केली. पाच रस्ता आणि काटकोनातल्या गल्ल्या ही त्यांचीच देणगी, आणि उपनगरांत एवढी नीट आखणी क्वचितच. पण गल्ली ती गल्लीच. सहा मीटर रुंदीची गल्ली घ्या आणि दोन्ही बाजूंना गाड्या लावा, जशा त्या रोज रात्री लागतात. दोन्हीकडे पद्मिनी असत्या तर मध्ये ३.०८ मीटर उरले असते. दोन्हीकडे स्विफ्ट असतील तर २.५३. दोन्हीकडे क्रेटा तर २.४२. मोटार वाहन नियमांनुसार मोठ्या वाहनाची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर असू शकते. पद्मिनींच्या गल्लीतून तेवढ्या रुंदीचा बंब वा बस आरामात जाते. स्विफ्टच्या गल्लीत ती सात सेंटिमीटरनं अडकते. गाड्यांची संख्या तीच, गल्ली तीच, एकही जादा गाडी नाही. फक्त प्रत्येक गाडी अकरा इंच रुंद झाली. रात्री बारा वाजता गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवत थांबलेला टँकर पाहिला असेल तर हे सात सेंटिमीटर तुम्हांला ओळखीचे वाटतील.

सोसायटीच्या आवारात तर जागा मोजूनच दिलेली. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत छोट्या गाडीसाठी २.३ बाय ४.५ मीटरचा पट्टा, मोठ्या गाडीसाठी २.५ बाय ५.५. हे माप १९९१ च्या नियमावलीतलं आणि नंतरच्या नियमावलीतही तसंच. २.३ मीटरच्या पट्ट्यांत मधोमध शेजारी-शेजारी दोन पद्मिनी उभ्या केल्या तर दोघींत ८४ सेंटिमीटर उरतात. दोन स्विफ्टमध्ये साडेछप्पन्न. दोन क्रेटांमध्ये ५१. दोन एक्सयूव्ही ७०० मध्ये ४१, आणि त्यांची लांबी ४.६९५ मीटर असल्यानं नाक पट्ट्याबाहेर येतं ते वेगळंच. माणूस अंग चोरून उतरायचा तरी दार अर्धा मीटरभर उघडावं लागतं. आरसे यात धरलेलेच नाहीत. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या भांडणांचं मूळ दारावरचा ओरखडा हे आहे, आणि ओरखड्याचं मूळ त्या २७५ मिलिमीटरमध्ये.

या सगळ्याचा वेगाशी संबंध शून्य. पद्मिनी ताशी १२५ किलोमीटर जाऊ शकायची. मुलुंडमध्ये तिला तशी वेळ कधी आली नाही. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता १२.२ किलोमीटरचा, त्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे. जुलै २०२४ मध्ये बोगद्यांचं भूमिपूजन झालं. सव्वा तासाचा प्रवास पंचवीस मिनिटांवर येईल असं सांगितलं जातं. ते सगळं खरं झालं तरी सरासरी वेग येतो ताशी २९ किलोमीटर. मुलुंडहून धीमी लोकल ३१ किलोमीटर तासाच्या आत कापते. हजारो कोटी खर्चून, अद्ययावत तंत्रज्ञान वापरून आपण धीम्या लोकलच्या जरा मागं राहणार आहोत. ८० अश्वशक्तीतली त्यासाठी किती लागेल, हा हिशेब कुणी तरी करावा. मला वाटतं पद्मिनीच्या चाळीसांतल्याही बऱ्याच शिल्लक राहतील.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. खासगी गाड्यांना तशी मर्यादा नाही, पण दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला त्याचे १०,००० रुपये. पन्नाशी ओलांडली की ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, २०,००० रुपये भरून, नंबरपाटीवर ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, पण मग ती रोज वापरता येत नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीच्या झाल्या. आमच्या कोपऱ्यातली अजून त्या वयाची नाही आणि मालकाला ती मुलुंड स्टेशनपर्यंत न्यायची असते, त्यामुळे ‘व्हीए’चा प्रश्न त्याच्यापुरता मिटलेला आहे.

पट्टे अखेर २.३ मीटरनंच आखले. स्विफ्टवाल्यानं २.५ मागितले होते. मग एक पट्टा कमी पडला असता, म्हणून ठराव पडला. पद्मिनीच्या मालकानं दुसऱ्या दिवशी गाडी पट्ट्याच्या उजव्या रेषेला चिकटवून लावली. डावीकडे ८४ सेंटिमीटर मोकळे राहिले. ॲक्टिव्हाच्या हँडलची रुंदी सुमारे ७० सेंटिमीटर. आता त्या एका पट्ट्यात त्याची पद्मिनी आणि सुनेची ॲक्टिव्हा अशा दोन गाड्या उभ्या असतात, आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर स्विफ्टवाल्याची त्याबद्दलची लेखी तक्रार आहे.